पायाखालचा नकाशा

जॉर्डन देशातल्या एका गावात घराचा पाया खणताना माती निघते, दगड निघतात आणि कधी कधी चक्क गालिचाही निघतो. दगडाचा गालिचा! चला, या वेळी त्याच गावाच्या पोटात डोकावून येऊ.

दोस्तांनो, नकाशा कुठे असतो? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! भूगोलाच्या पुस्तकात असतो, वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो आणि हल्ली तर आईबाबांच्या मोबाइलमध्येही असतो. अगदी बरोबर. पण जमिनीवर लाखो रंगीत खडे एकाशेजारी एक बसवून केलेला नकाशा तुम्ही पाहिलाय? आणि तोही थोडाथोडका नाही, साडेचौदाशे वर्षांपूर्वीचा! म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही हजार वर्षं आधीचा.

हा नकाशा आहे जॉर्डनमधल्या मदाबा या गावात. जॉर्डन म्हणजे पश्चिम आशियातला, सौदी अरेबिया आणि इस्राएल यांच्या शेजारचा छोटासा देश. त्याची राजधानी अम्मान. अम्मानपासून नैर्ऋत्येला साधारण ३० किलोमीटरवर मदाबा लागतं. गाव तसं आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखंच. अरुंद गल्ल्या, गालिच्यांची दुकानं, मशिदींचे मिनार आणि चर्चचे घंटाघर. रस्त्यानं जाताना वाटणारही नाही की आपल्या पावलांखाली आणखी एक गाव झोपलंय!

खड्यांची रांगोळी, पण कायमची

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मोझेक म्हणजे काय? तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा आजीकडे ‘मोझेकची फरशी’ असेल. सिमेंटमध्ये दगडाची बारीक खडी घालून ती फरशी करतात आणि मग घासून गुळगुळीत करतात. हे नाव आलंय त्या जुन्या कलेवरून. पण जुन्या मोझेकमध्ये खडे कसेही पसरलेले नसतात. प्रत्येक खडा हातानं, ठरवून, त्याच्या जागी बसवलेला असतो. मराठीत या कलेला ‘कुट्टिमचित्र’ असा भारदस्त शब्द आहे. ‘कुट्टिम’ म्हणजे फरसबंदी.

आता कारागीर काय करायचा ते बघा. आधी जमीन चोपून घट्ट करायची. त्यावर मोठ्या दगडांचा थर. त्यावर चुना आणि बारीक खडी यांचा थर. त्यावर आणखी बारीक चुन्याचा थर. आणि सगळ्यात वर ओला, मऊ चुना. तो वाळायच्या आत त्यात खडे बसवायचे. त्यामुळे एका वेळी हातभर जागेतच ओला चुना पसरायचा, तेवढे खडे लावून संपवायचे आणि मग पुढे सरकायचं. चित्राच्या मुख्य रेषा आधी काढून ठेवलेल्या असत.

खडे असत साधारण एक सेंटिमीटरचे, चौकोनी. छिन्नी-हातोडीनं फोडून केलेले. रंग मात्र डब्यातून आणलेला नसे! जो दगडाचा रंग, तोच चित्राचा रंग. पांढरा, पिवळा, लाल, तपकिरी, राखाडी, काळा. जवळच्या डोंगरात जे मिळेल ते. म्हणूनच हे रंग इतक्या शतकांत विटले नाहीत. रंगवलेलं असतं, तर केव्हाच उडून गेलं असतं.

आता थोडं गणित. (घाबरू नका, सोपं आहे!) खडा एक सेंटिमीटरचा धरला, तर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत किती खडे मावतील? १०० गुणिले १००, म्हणजे १०,०००. मदाबाचा नकाशा मुळात सुमारे २१ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद असावा असा एक अंदाज आहे. करा गुणाकार! १४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा लाख खडे. आणि प्रत्येक खडा कुणीतरी गुडघ्यांवर बसून, बोटांनी दाबून बसवलेला.

मोबाइलवरचा फोटो खूप मोठा करून बघितलात, तर शेवटी छोटे छोटे रंगीत चौकोन दिसायला लागतात. युक्ती तीच. जवळून नुसते चौकोन, लांबून चित्र!

हे लोक होते तरी कोण?

इतिहासाच्या तासाला तुम्ही कॉन्स्टँटिनोपलचं नाव ऐकलं असेल. १४५३ साली तुर्कांनी हे शहर जिंकलं आणि त्यानंतर युरोपातले दर्यावर्दी भारताकडे यायचा नवा मार्ग शोधायला लागले, असं आपण शिकतो. त्या शहरात ज्यांचं राज्य होतं, ते बायझंटाइन सम्राट. हे म्हणजे रोमन साम्राज्याचाच पूर्वेकडचा भाग. पश्चिमेकडचं रोमचं राज्य पाचव्या शतकात कोसळलं, पण पूर्वेकडचं पुढे हजार वर्षं टिकलं. लोक ग्रीक बोलत, धर्म ख्रिस्ती. आजचं इस्तंबूल म्हणजेच ते कॉन्स्टँटिनोपल.

मदाबा हे या साम्राज्याच्या अगदी कडेचं गाव. पलीकडे वाळवंट. पण गाव सुखवस्तू होतं. सहाव्या शतकात इथे एकामागून एक चर्च बांधली गेली आणि प्रत्येकात मोझेकच्या जमिनी घातल्या गेल्या. श्रीमंतांच्या वाड्यांतही तेच. पुढे सातव्या शतकात हा प्रदेश अरबांच्या राज्यात गेला. तरी मोझेकचं काम थांबलं नाही, बरं का! मदाबापासून जवळच असलेल्या उम् अर-रसास या गावात तर आठव्या शतकातला, म्हणजे मुसलमानी राजवटीतला, चर्चचा सुंदर मोझेक आहे. त्यात बारीकसारीक तपशिलांसह कितीतरी शहरांची चित्रं आहेत. राज्य बदललं, पण कारागिराचे हात तेच राहिले.

मग ७४९ साली या साऱ्या प्रदेशाला भूकंपाचा जबरदस्त तडाखा बसला. पुढच्या काळात मदाबा हळूहळू ओस पडलं. भिंती ढासळल्या, छपरं कोसळली, वर माती साचली. गावाची टेकडी झाली. कित्येक शतकं तिथे कुणी राहत नव्हतं.

उजाड टेकडीवर नवं गाव

आता गोष्टीला खरा रंग चढतो. मदाबाच्या दक्षिणेला केरक नावाचं गाव आहे. तिथली सुमारे ९० अरब ख्रिस्ती कुटुंबं तिथल्या भांडणतंट्यांना कंटाळून १८८० साली बाहेर पडली आणि या उजाड टेकडीवर येऊन राहिली. तेव्हा तिथे तुर्कांचं, म्हणजे ऑटोमन सुलतानाचं राज्य होतं. सरकारनं त्यांना राहायला परवानगी दिली. पण एक अट घातली. नवं चर्च बांधायचं असेल, तर ते जिथे पूर्वी चर्च होतं त्याच जागेवर बांधायचं!

झालं! लोक जुन्या चर्चच्या खुणा शोधायला लागले. माती उपसली, दगड हलवले. आणि खाली काय? जिकडेतिकडे रंगीत खड्यांच्या जमिनी! फुलं, पक्षी, द्राक्षांचे वेल, मेंढ्या, मासे. घर बांधायला दगड हवा म्हणून खणावं, तर खाली मोर दिसावा, असा प्रकार. कितीतरी कुटुंबांची नवी घरं या जुन्या जमिनींवरच उभी राहिली. काहींनी तर त्या जमिनी तशाच वापरल्या. तयार फरशी मिळाली, कुणाला नको असेल!

१८८४ साली गावाच्या एका बाजूला मोडक्या चर्चच्या अवशेषांत नकाशा दिसला. पण त्याचं मोल तेव्हा कुणाच्या नीट लक्षात आलं नाही. १८९६ साली त्याच जागी सेंट जॉर्जचं नवं चर्च बांधून झालं. बांधकामात नकाशाचा बराच भाग कायमचा गेला. खांब सुद्धा त्याच्याच अंगावर उभे राहिले. शेवटी जेरूसलेमच्या ग्रीक धर्मपीठाचे ग्रंथपाल क्लिओपास कोइकिलिदिस मदाबाला आले. ते होते पुस्तकांत बुडालेले गृहस्थ. जमिनीवरची ग्रीक अक्षरं वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं, अरे, ही तर गावांची नावं आहेत! हा नकाशा आहे! १८९७ साली त्यांनी त्याविषयी लिहून प्रसिद्ध केलं आणि जगभरचे विद्वान चकित झाले. त्या पवित्र भूमीचा इतका जुना नकाशा आजवर दुसरा सापडलेला नाही.

विचार करा, हे गृहस्थ दहा वर्षं आधी आले असते तर? आज त्या नकाशाचा जेमतेम काही हिस्साच उरलाय. बाकी नुसती रिकामी जागा. त्यात कुठली गावं होती, कोणत्या नद्या होत्या, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

चला, नकाशा वाचू या!

नकाशासमोर उभं राहिलं की पहिली गंमत लक्षात येते. आपल्या नकाशात उत्तर वर असते ना? इथे वर आहे पूर्व! असं का? तर चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते आणि लोक पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे नकाशावरची पूर्व आणि खरी पूर्व एकाच दिशेला येतात. नकाशात उजवीकडे असलेलं गाव खरोखरच तुमच्या उजव्या हाताला असतं. आहे की नाही हुशारी?

आता मृत समुद्र शोधा. तो मधोमध लांबोडक्या तळ्यासारखा दिसतो. त्यात दोन होड्या आहेत. एकीत पांढरा माल भरलाय, तो बहुधा मीठ असावा. मृत समुद्राच्या काठी मीठ भरपूर मिळतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

या समुद्राला डावीकडून येऊन मिळते जॉर्डन नदी. आणि इथेच नकाशातली सगळ्यात झकास गंमत आहे. नदीत मासे पोहताहेत. पण समुद्राच्या तोंडाशी आलेला एक मासा चक्क पाठ फिरवून उलटा निघालाय! का सांगा बरं? मृत समुद्राचं पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट आहे. त्यात मासा जगूच शकत नाही. कारागिरानं एक शब्दही न लिहिता ही सगळी माहिती एका माशात सांगून टाकली.

नदीवर दोर बांधून ओढायची तर दिसते, म्हणजे नदी ओलांडायची जागा. जेरिको शहराभोवती खजुराची झाडं आहेत, कारण ते खजुरासाठी प्रसिद्ध होतं. नदीपलीकडच्या रानात एक हरिण जिवाच्या आकांतानं पळतंय. त्याच्या मागे सिंह होता. (होता म्हणजे? थांबा, ते पुढे सांगतो.) आणि उजव्या टोकाला इजिप्तमधली नाईल नदी फाटे फुटून समुद्राला मिळतेय. सगळीकडे ग्रीक अक्षरांत नावं. अशी सुमारे दीडशे नावं अजून शिल्लक आहेत.

पण नकाशातलं सगळ्यात मोठं शहर आहे जेरूसलेम. प्रमाणात पाहिलं तर ते इतकं मोठं असायला नको. पण कारागिराच्या आणि तिथे प्रार्थनेला येणाऱ्यांच्या मनात ते तेवढंच मोठं होतं! लंबगोल तटबंदी, तिच्यावर बुरूज, मधून जाणारा सरळ मोठा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. डाव्या टोकाला, म्हणजे उत्तरेला, वेशीच्या आत मोकळं अंगण आणि अंगणात एकच उंच खांब. आज तिथे तो खांब नाही. पण या वेशीला अरबी भाषेत आजही म्हणतात ‘बाब अल-अमूद’, म्हणजे ‘खांबाची वेस’. खांब गेला, नाव मागे राहिलं! आपल्याकडे नाही का, पिंपळ केव्हाच पडलेला असतो, तरी बसचा थांबा ‘पिंपळपार’च राहतो.

नकाशा खरं बोलतो का?

तुम्ही म्हणाल, जुनं चित्र आहे, कारागिरानं मनानंही काढलं असेल. हीच शंका विद्वानांनाही आली. मग खरं-खोटं कसं ठरवायचं? खणून!

नकाशातल्या मोठ्या रस्त्याच्या उजव्या टोकाजवळ एक मोठं चर्च दाखवलंय. ते ‘नेआ’ चर्च असलं पाहिजे, असं अभ्यासक म्हणत. ‘नेआ’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘नवं’. सम्राट जस्टिनियननं ते बांधलं, अशी जुन्या ग्रंथांत नोंद होती. पण चर्चचा मागमूस नव्हता. १९७०च्या दशकात नहमान अविगाद या पुरातत्त्वज्ञांनी जेरूसलेमच्या जुन्या शहरात उत्खनन केलं. आणि काय आश्चर्य! नेआ चर्चच्या भक्कम भिंती सापडल्या. तो खांबांचा रस्ताही आजच्या रस्त्याच्या खाली सापडला. रुंदी किती? तब्बल २२ मीटरच्या वर!

पुढे २०१० साली जेरूसलेमच्या जाफा वेशीजवळ खोदकाम झालं. नकाशात तिथून शहरात शिरणारा एक रस्ता दाखवलाय. साधारण साडेचार मीटर खाली मोठमोठ्या दगडी लाद्यांचा रस्ता सापडला. नकाशा पुन्हा खरा ठरला!

या नेआ चर्चमुळे आणखी एक कोडं सुटलं. नकाशावर तारीख लिहिलेली नाही. मग तो कधीचा? बघा कसा तर्क केला ते. नेआ चर्च पूर्ण झालं ५४३ च्या सुमाराला, आणि ते नकाशात आहे. म्हणजे नकाशा त्यानंतरचा. पण ५७० नंतर बांधलेल्या इमारती त्यात दिसत नाहीत. म्हणजे त्याच्या आधीचा. झालं, मधली पंचवीस-तीस वर्षं उरली! व्योमकेश बक्षीलाही आवडावा असा हा शोध आहे.

एकाखाली एक, एकाखाली एक

मदाबा म्हणजे एकटा नकाशाच नव्हे. गावाच्या जुन्या भागात आता एक पुरातत्त्व उद्यान केलंय. तिथे तुम्हाला जमिनीखालचे मजले बघायला मिळतात.

१८८७ साली तिथल्या एका घराखाली गोल आकाराच्या चर्चची मोझेक जमीन दिसली. ते कुमारी मेरीचं चर्च. लोकांना वाटलं, हाच तळ. पण जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८२ साली, चर्चच्या दाराजवळ आणखी खाली खणलं. तर खाली एका वाड्याचं दालन! म्हणजे सगळ्यात वर एकोणिसाव्या शतकातलं घर, त्याखाली चर्च, त्याखाली सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला वाडा. आणि शेजारून जातो त्याच्याही आधीचा रोमन काळातला फरसबंद रस्ता.

त्या दालनाच्या जमिनीवर ग्रीक पुराणातल्या गोष्टी आहेत. हिप्पोलिटस नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे, म्हणून त्याला ‘हिप्पोलिटसचं दालन’ म्हणतात. एका चित्रात प्रेमाची देवता अफ्रोडाइटी आपल्या खोडकर मुलाला, म्हणजे छोट्या इरॉसला, हातात चप्पल घेऊन धाक दाखवतेय! म्हणजे बघा, खोड्या काढल्या की आईच्या हातात चप्पल येते, ही रीत पंधराशे वर्षांपूर्वीचीही आहे.

कडेला तीन बायका सिंहासनावर बसल्यात. त्या बायका नाहीत, ती तीन शहरं आहेत! रोम, ग्रेगोरिया आणि मदाबा. रोम म्हणजे केवढं मोठं नाव! त्याच्या ओळीत या वाळवंटाच्या कडेच्या छोट्या गावानं आपल्याला बसवून घेतलंय. गावाचा अभिमान म्हणतात तो हाच.

दुसऱ्या एका चर्चमध्ये, प्रेषितांच्या चर्चमध्ये, ५७८ साली घातलेली जमीन आहे. मधल्या गोलात लाटांतून वर येणारी एक स्त्री आहे. ती आहे थलास्सा, म्हणजे समुद्र. तिच्याभोवती मासे आणि समुद्रातले प्राणी. मदाबापासून भूमध्य समुद्र केवढा तरी लांब! तरी कारागिरानं तो दगडात उभा केला. आणि त्या कारागिराचं नावही तिथे खड्यांनी लिहिलेलं आहे. सलामानिओस. राजांची नावं आपल्याला पाठ असतात, कामगारांची क्वचितच कळतात. म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

सिंहाचं काय झालं?

आता त्या सिंहाकडे येऊ. नकाशात आज त्याचे मागचे पाय आणि शेपूट तेवढी दिसते. होडीतल्या नावाड्यांचे चेहरेही नाहीत, तिथे खड्यांचा नुसता काला आहे. हे झीज होऊन झालेलं नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय.

आठव्या शतकात या प्रदेशात एक मोठा वाद होता. देवाच्या घरात माणसांची आणि प्राण्यांची चित्रं असावीत की नसावीत? ज्यांना ती नको होती, त्यांनी ती काढून टाकली. पण गंमत पाहा, बऱ्याच ठिकाणी ती रागारागानं फोडलेली नाहीत. खडे काळजीनं उचलून तेच खडे उलटसुलट करून पुन्हा बसवलेत. म्हणजे चित्र जावं, पण जमीन खराब होऊ नये. हे काम त्या चर्चमध्ये येणाऱ्या लोकांनीच केलं असावं, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. हरणाच्या मागे धावणारा सिंह गेला, पण हरिण मात्र वाचलं. ते अजून पळतंय!

झाकलं, म्हणून वाचलं

मदाबापासून सुमारे १० किलोमीटरवर नेबो नावाचा डोंगर आहे. मोझेस, ज्यांना मुसलमान मूसा म्हणतात, त्यांनी याच डोंगरावरून पवित्र भूमी पाहिली, अशी श्रद्धा आहे. तिथल्या चर्चमध्ये ५९७ साली घातलेली एक मोझेक जमीन होती. १९७६ साली दुरुस्तीसाठी ती उचलली. खाली काय असेल? माती? छे! खाली दुसरी जमीन, ५३० सालची, आणि जणू काल संध्याकाळी पूर्ण केल्यासारखी ताजी!

तिच्यावर सिंहाची शिकार आहे, झाडाखाली बसून मेंढ्या राखणारा धनगर आहे, शहामृगाला दोरी लावून नेणारा माणूस आहे आणि पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा आहे. सगळ्यांचे चेहरे शाबूत! का वाचले? कारण चित्रांचा वाद सुरू व्हायच्या आधीच त्यांच्यावर नवी जमीन पडली होती. जवळजवळ १४०० वर्षं ते अंधारात राहिले, म्हणून वाचले. खाली सोएलोस, कायुमोस आणि इलायस या तीन कारागिरांची नावं आहेत. हा मोझेक उजेडात आणणाऱ्यांत मिशेल पिच्चिरिल्लो हे इटालियन धर्मगुरू आणि पुरातत्त्वज्ञ होते. त्यांनी सारं आयुष्य जॉर्डनच्या मोझेकसाठी घालवलं. ते २००८ साली वारले.

पण मग जपायचं कसं?

इथे एक अवघड प्रश्न येतो. समजा, तुम्ही मदाबात राहता. घरात माणसं वाढली, म्हणून बाबांनी एक खोली वाढवायला घेतली. पाया खणताना खड्यांचा मोर दिसला. आता काय करायचं? खोली तर हवीच आहे. मोरही सुंदर आहे. आणि तो फक्त तुमच्या घरचा नाही, साऱ्या जगाचा आहे.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, मोझेकवर कापड आणि वाळू पसरून तो पुन्हा झाकून टाकायचा. नेबोच्या डोंगरावर आपण पाहिलंच, झाकलेलं वाचतं. दुसरी, मोझेक उचलून दुसरीकडे न्यायचा. त्यासाठी वर कापड चिकटवतात, खालचा चुना सोडवतात, तुकडे करून उचलतात आणि नव्या पाठीवर बसवतात. पण मग तो आपल्या घरापासून तुटतो. तिसरी वाट, जागा मोकळी करून, वर छप्पर घालून तिथेच लोकांना बघायला ठेवायचा. ही सगळ्यात चांगली, पण सगळ्यात खर्चाची. आणि कुणाला तरी आपलं घर सोडावं लागतं, हेही विसरून चालणार नाही.

उघड्यावर आलेल्या मोझेकला शत्रूही पुष्कळ. पावसाचं पाणी, झाडांची मुळं, जमिनीतून वर येणारा क्षार आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हजारो पावलं. एक खडा निसटला की शेजारचे सैल होतात. स्वेटरचा एक टाका सुटावा, तसंच. १९६५ साली जर्मन तज्ज्ञांनी नकाशाची मोठी दुरुस्ती केली. आणि १९९२ साली मदाबात चक्क मोझेकची शाळा निघाली. तिथे गावातली मुलंमुली खडे फोडायला, बसवायला आणि जुने मोझेक दुरुस्त करायला शिकली. ज्यांच्या पणजोबांनी या जमिनींवर घरं बांधली, त्यांचीच पोरं आज त्या जपताहेत. २०१७ साली युनेस्कोनं मदाबाला हस्तकलेचं ‘सर्जनशील शहर’ म्हणून मान दिला.

आपल्या गावातही जुनी बारव असते, वीरगळ असतो, पडकी वेस असते. वीरगळावर कुणी कपडे धुतं, बारवेत कुणी कचरा टाकतं. त्यावरचं चित्र कुणीतरी वाचेपर्यंत ते टिकायला हवं. मदाबाला त्यांचे ग्रंथपाल जरा उशिरा भेटले. आपल्या गावचा ग्रंथपाल कोण होणार?

हे ठाऊक आहे का?

• मृत समुद्राचा काठ हा जगातला जमिनीवरचा सगळ्यात खोल भाग आहे. साध्या समुद्रसपाटीपेक्षा तो ४३० मीटरहून जास्त खाली आहे.

• त्याचं पाणी दरवर्षी साधारण एक मीटरनं खाली जातंय, कारण जॉर्डन नदीचं पाणी वाटेतच वापरलं जातं. नकाशातल्या होड्यांना आज काठ शोधायला बरंच पुढे जावं लागेल!

• मोझेकच्या एका खड्याला ‘टेसेरा’ म्हणतात. तो ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘चार’. चार कोपरे, म्हणून टेसेरा.

करून बघा!

सुट्टीच्या दिवशी हा खेळ करा. एक जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पेन्सिलीनं आपल्या गावाचा किंवा गल्लीचा नकाशा काढा. पण एक अट! मदाबाच्या कारागिरासारखा काढा. म्हणजे, जी जागा तुम्हाला सगळ्यात प्रिय आहे, ती सगळ्यात मोठी. शाळा, मैदान, आजीचं घर, भेळेची गाडी, काहीही!

आता आईला विचारून (विचारूनच बरं का!) स्वयंपाकघरातून मूठ मूठ धान्य आणा. मसूर लाल, मूग हिरवे, तूरडाळ पिवळी, उडीद काळे, तांदूळ पांढरे. एका वेळी बोटभर जागेत गोंद लावा आणि एकेक दाणा बसवत जा. घाई केलीत तर गोंद वाळेल. एका हाताच्या पंजाएवढी जागा भरायला किती वेळ लागला, ते घड्याळात बघून ठेवा.

मग पुन्हा आठवा ते पंधरा लाख खडे. आणि हो, कोपऱ्यात आपलं नाव लिहायला विसरू नका. सलामानिओसही विसरला नव्हता!